राघूचा पाट आणि माझी पाठवणी

आमच्या अकोल्याच्या घरी पडवीत वळचणीला ओळीनं मडकी टांगलेली आहेत. नवा माणूस आला की त्याला वाटतं, मांजराच्या भीतीनं बाईनं दहीलोणी वर टांगलं. मग एखाद्या मडक्याच्या भोकातून लाल चोच बाहेर येते, एक गोल डोळा त्याच्याकडे पाहतो आणि पाहुणा बसल्या जागी सावरून बसतो. ह्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी राघू आहे, तो ह्याच मडक्यांतून गेलेला. लोक विचारतात, हे खूळ कुठून आणलं? मी सांगते, अमरावतीहून, आंदणात. त्यांना थट्टा वाटते, पण ते खरंच आहे.

नातवाच्या पाटीवर त्याच्याबरोबर गिरवून गिरवून मी अक्षरं शिकले. त्यामुळे लिहायला बसले की बोलल्यासारखंच उतरतं. सांभाळून घ्या.

माझं लग्न झालं ते कापसाच्या भरभराटीत. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली, असं मोठी माणसं ओसरीवर बोलायची. मला एवढंच कळायचं की रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग कधी तुटत नाही, आणि काल ज्याच्या बैलांच्या शिंगांना काही नव्हतं त्याच्या बैलांना आज पितळी शेंब्या आल्या. बाबांनी भातकुलीच्या वाटेवरच्या आमच्या वावरात ज्वारी कमी केली आणि कापसाची पऱ्हाटी वाढवली. मायला पाटल्या आल्या, मला तोरड्या आल्या, आणि राघूला पितळेचा पिंजरा आला. तोवर तो बांबूच्या पिंजऱ्यात सुखात होता. पितळेचा आल्यावर पहिले कितीतरी दिवस तो गजांत स्वतःचं तोंड पाहून भांडत असे.

राघू बाबांचा. गळ्याला लालकाळा कंठ, शेपटी वीतभर. बाबा त्याला सकाळी देवाचं नाव शिकवत आणि मग खांद्यावर बसवून वावरात नेत. तो देवाचं नाव शिकला नाही, बैल हाकायला शिकला. घरात बसल्या बसल्या तो बाबांच्या आवाजात "हय, हय, चाल मोठ्या" असं ओरडला की गोठ्यातला मोठ्या, आमचा म्हातारा बैल, उठून उभा राहत असे.

मी तेव्हा एवढीशी. बोहल्यावर मला झोप लागली होती म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, बसवायची वेळ आली तेव्हा मी चांगली जागी होते. मी सरळ पिंजऱ्याला मिठी मारली. राघू नेल्याशिवाय जात नाही म्हणून बसले. पोरगी देताना बाबा ताठ उभे होते आणि राघूचं नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला, हे माय पुढं जन्मभर साऱ्यांना सांगायची. दमणी खोळंबली, वाजंत्रीवाले थांबले. शेवटी माय माझ्यापुढं बसली आणि लाडानं मलाच माय म्हणत बोलली, "रडू नको माय. राघू तुह्या बाबाचा हाय. तू नांदाले जाशीन ना, तवा त्याचं पिल्लू तुह्या हातात देईन."

हे ती माझी समजूत घालायला बोलली. पण मागं माझी सासू उभी होती. उंच बाई, आवाज हळू, हसताना कधी दिसली नव्हती. ती म्हणाली, "ऐकलं बरं ईनबाई मी. ध्यानात ठेवतो." आमच्याकडे बायाही कधी कधी असंच बोलतात, 'ठेवतो', 'जातो'.

आता विहिणीसमोर बोललेला शब्द. तो काय साधा असतो?

अकोल्याला चार दिवस मिरवून मी माहेरी परत आले. त्या काळी मुलगी जाणती होईतो माहेरीच राहायची, मग सासरहून मूळ यायचं, म्हणजे न्यायला माणसं यायची. तेवढा वेळ माझ्या हाती होता. तेवढ्यात राघूचं पिल्लू झालं तर मी पिल्लू घेऊन जाणार, नाही झालं तर हात हलवत जाणार. तुम्ही म्हणाल, बाजारातून एखादं आणून दिलं असतं. मायही आधी तेच म्हणाली. पण मला ह्याच राघूचं हवं होतं, आणि मायला दुसरीच धास्ती होती. बाजारचं पिल्लू अकोल्याला गेलं आणि त्यानं बैल हाकले नाहीत, तर विहीण ओळखेल.

तर मायनं कामाला सुरुवात केली. राघूला बायको हवी. राघूची बायको कोण? सारं गाव सांगेल, मैना. जात्यावर बसलं की राघू-मैना, पाळणा म्हटला की राघू-मैना, चोळीच्या खणावर काढलेले राघू-मैना. मायनं एक मैना मिळवली आणि पितळी पिंजऱ्यात सोडली. आम्ही दोघी समोर बसून राहिलो.

काय सांगू. मैनेनं पहिल्याच दिवशी राघूचा पेरू हिसकला, दुसऱ्या दिवशी त्याची दांडी घेतली. पण एक मात्र खरं, ती भारी हुशार. आठवडाभरात ती राघूपेक्षा बरे बैल हाकायला लागली. राघूनं ते ऐकलं आणि तो बोलणंच सोडून पाठ करून बसला. बाबा म्हणत, नवीन नवीन आहे, होईल. मायही म्हणत असे, होईल. मी रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंडं शोधत असे. असा अख्खा हिवाळा गेला.

मग माझा मामा नांदगाव खंडेश्वरहून आला. जेवून सुपारी कातरता कातरता त्यानं पिंजरा पाहिला. मायनं त्याला सारी हकीकत सांगितली. तो अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "काहून वो बाई, बैल अन् घोडी एका गोठ्यात बांधून ठेवली तं तुले कालवड होईन काय?"

माय म्हणाली की साऱ्या ओव्यांमध्ये आहे. मामा म्हणाला, ओवीत हाय तं ओवीतच पिल्लं होईन. बाबा ओसरीवरून उठून विहिरीकडे गेले, तिथून त्यांचं हसू ऐकू येत होतं. पण मी पाहिलं होतं ना, तेही हिवाळाभर वाट पाहत होते.

मैना मामा घेऊन गेला. नांदगावला तिनं त्याचे बैल हाकले की नाही माहीत नाही.

आता कळलं की पोपटालाही पोपटीणच लागते. आणि पोपटीण कशी ओळखायची, तर तिच्या गळ्याला कंठ नसतो, एवढं बाजारात कोणीही सांगे. बाबा बाजारात कापूस घालायला गेले आणि येताना एक बिनकंठाचा पक्षी घेऊन आले. हिरवागार, नाजूक, मान खाली घालून बसणारा. माय त्याला पाहून विरघळली. म्हणाली, गरीब घरची दिसते.

मायच्या मनात आलं की नुसतं पिंजऱ्यात सोडून पुन्हा फजिती नको, रीतसर लग्न लावू. माझ्या लग्नातल्या अक्षता एका पुडीत उरल्या होत्या. शेजारच्या साऱ्या बाया आल्या. मायच्या जुन्या लुगड्याचा अंतरपाट धरला. नवरीच्या पायाला हळद लावताना तिनं माझ्या मायच्या अंगठ्याला चोच लावली, तेवढी सोडली तर ती फार शालीन वागली. मंगलाष्टकं कोणाला नीट येत नव्हती, म्हणून येतील तेवढ्या ओळी म्हटल्या. राघूनं मध्येच बैल हाकले. बाबांनी साऱ्यांना गूळखोबरं वाटलं. तो दिवस मला माझ्या लग्नापेक्षा जास्त आठवतो, कारण ह्या लग्नात मी जागी होते.

दोघांचं जमलं. एका दांडीवर बसत, एकच मिरची खात. भांडण नाही, तंटा नाही. फक्त अंडं नाही.

आणि मग शेजारच्या बायांनी त्या नवरीच्या मागं जो ससेमिरा लावला. एक म्हणाली, पिंजऱ्याला काळा दोरा बांधा. एक म्हणाली, हिला कोणाची दृष्ट लागली. एकीनं तर विचारलं की राघूला दुसरी का नाही पाहत. माय आधी ऐकून घेत असे. पण एक दिवस ती भडकली. तिलाही माझ्याआधी कितीतरी वर्षं मूल नव्हतं, तेव्हा असेच दोरे तिच्या हाताला बांधले होते. तिनं काळा दोरा तोडून चुलीत टाकला आणि म्हणाली, "माह्या घरच्या सुनेले कोनं काही बोलायचं नाही. नाही झालं तं नाही झालं."

बाया आपापल्या घरी गेल्या. मी मात्र मनात म्हणत होते, असं कसं नाही झालं तर नाही झालं, मला तर जायचंय.

पुढच्या पावसाळ्यात नवरीच्या गळ्यावर एक पुसटशी रेघ दिसायला लागली. मी म्हटलं, चुन्याचा डाग असेल, ती भिंत कुरतडते. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर ती चावली. दसऱ्यापर्यंत रेघ काळी झाली आणि तिच्यामागं चांगली गुलाबी कड आली. बाबांनी पिंजरा खाली घेतला, नवरीकडे पाहिलं, राघूकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "ऐकून राहिली का वो, तुह्या सुनेले मिशा फुटल्या."

पोपटाच्या पोराला लहानपणी कंठ नसतो, तो जाणता झाल्यावर येतो, हे आम्हाला असं कळलं. आता मी कोणालाही पक्षी देताना आधी हेच सांगते. गळा कोरा दिसला म्हणून मादी समजू नका, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या. तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं. गल्लीत ही बातमी कापसाच्या भावापेक्षा लवकर पसरली. बाया मायला हाका मारून विचारत, नवरदेव कसे आहेत, दोन्ही. ज्या बाईनं दोरा बांधायला सांगितला होता ती मात्र महिनाभर आमच्या विहिरीवर पाण्याला आली नाही.

नवरीला आम्ही मंदिराच्या पिंपळाकडे सोडून दिलं. रोज संध्याकाळी थव्यात एखादा जरा खाली उतरला की माय म्हणे, पाह्य, आपली सून.

मला हसू येईना. मी आता चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, वाकड्या का होईना. शेजारच्या पोरींची मुळं यायला लागली होती. गल्लीत दमणी थांबली की मी आमचं दार ओढून घेई.

शेवटी भातकुलीची मावशी कामास आली. तिच्याकडे एक पोपटीण होती. तिनं मावशीच्या कोनाड्यात, लोणच्याच्या बरणीमागं अंडं घातलं होतं, म्हणजे ती बाईच होती ह्याबद्दल ह्या वेळी कोणाला शंका नव्हती. तिचा जोडीदार उडून गेला होता. मावशी तिला घेऊन आली ती हाताला चिंध्या गुंडाळून. म्हणाली, चावते. पण गुणाची हाय.

माय म्हणाली, आता लग्न नको, पाट लावू. आमच्या शेतकरी घरांत ही रीत आहे. बाईनं दुसऱ्यांदा घर करायचं असलं की पाट लागतो. दिवेलागणीनंतर, घरच्याच चार माणसांत, वाजंत्री नाही की जेवणावळ नाही. आणि हिचा तर नवरा परागंदा. तसाच पाट लावला. मायनं पिंजऱ्यावर कुंकवाचं बोट ओढलं, मावशीनं एक खारीक ठेवली, झालं. राघूनं ह्या वेळी बैल हाकले नाहीत. तो एका कोपऱ्यात चढून बसला होता.

कारण भातकुलीवालीनं आल्या आल्या त्याला झोडपलं होतं. तिला आम्ही भातकुलीवालीच म्हणत असू, गावावरून सुनेला म्हणतात तसं. ती आधी जेवायची, पोट भरलं की बाजूला व्हायची, मग राघू येऊन उरलंसुरलं खायचा. तो तिच्या दांडीवर गेला की ती नुसती मान वळवून पाही आणि तो खाली उतरे. बाबा हळहळत. मायला म्हणत, माह्या राघूचे हाल पाहवत नाही. माय म्हणे, पाहू नका.

संक्रांत झाली आणि राघूला काय झालं कोण जाणे. तो तिच्यापुढं लवून लवून मान हलवायला लागला, एक पाय उचलून उभा राहायला लागला, जसा काही पागोटं सांभाळत मुजरा करतो. तीही डोळे बारीक मोठे करी. एक दिवस त्यानं गिळलेला दाणा परत काढून तिच्या चोचीत दिला आणि तिनं तो घेतला. बाबा त्या दिवशी वावरात उशिरा गेले.

आता जागा हवी. पोपट काही घरटं विणत नाही, तो झाडाच्या ढोलीत शिरतो. आमच्या अंगणात ढोल नव्हती, म्हणून मडकं. मीच त्याला बाजूनं भोक पाडायला बसले आणि तीन मडकी फोडली, चौथं साधलं. तोंडावर लाकडाची फळी बांधली आणि पिंजऱ्याच्या दाराशी मडकं लावलं. आणि मग आम्ही वऱ्हाडातली माणसं जे करणार तेच केलं. आत कापूस भरला.

साधासुधा नव्हे. पहिल्या वेच्यातला, बाबांनी वेगळा ठेवलेला, मायनं हातानं सरकी काढून पिंजलेला. ज्या कापसासाठी विलायत थांबली होती तो. मी हात घालून पाहिला, असं मऊ अंथरूण मला स्वतःला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण पांढरं झालेलं. भातकुलीवालीनं एकेक पुंजका चोचीत धरून बाहेर फेकला होता. मायला वाटलं वाऱ्यानं उडाला, तिनं पुन्हा भरला. हिनं पुन्हा फेकला. मायनं जास्त दाबून भरला. ती मडक्याच्या भोकाशी बसून मायकडे पाहत पाहत फेकायला लागली. हे कितीतरी दिवस चाललं. रस्त्यानं जाणारे लोक आमच्या कुंपणाशी थांबून बघत. बंडीतून सांडलेलं बोंड जिथं माणसं धावून उचलत, तिथं आमच्या अंगणात कापूस वाऱ्यावर फिरत होता. बाबा म्हणत, हिले भाव कोन सांगितला नाही वाटते.

शेवटी माय थकली. मडकं रिकामं राहिलं. तेव्हा भातकुलीवाली आत गेली, फळीचं लाकूड कुरतडून कुरतडून तळाशी भुसा पाडला, आणि त्यावर बसली. एवढंच हवं होतं तिला, थोडा भुसा आणि आम्ही सगळ्यांनी बाजूला होणं. पुढं मला कळलं की ते बरंच झालं, कापसाचा धागा पिल्लाच्या पायात अडकला तर पाय जातो.

तीन अंडी झाली. ती आत बसून राही, राघू बाहेरून तिला भरवी. बाबा भिजवलेले हरभरे घेऊन राघूपाशी उभे राहत आणि म्हणत, घेऊन जाय, घेऊन जाय.

त्याच दिवसांत कापसाचा भाव पडला. तिकडची लढाई संपली म्हणे. ओसरीवर माणसं बसत ती नुसते हिशेब करत. आमच्या घरी शोक करायला कोणाला वेळ नव्हता, आम्ही मडक्याला कान लावून होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी आतून चिरचिर ऐकू आली. दोन पिल्लं निघाली, तिसरं अंडं तसंच राहिलं. मी हात घातला आणि भातकुलीवालीनं चावण्याआधी एक पाहून घेतलं. सोललेल्या रताळ्यासारखं, उघडंनागडं, डोळे मिटलेले, मान उचलता येत नव्हती. इतकं कुरूप काही मी पाहिलं नव्हतं. मी त्याला पाहून रडले आणि माय म्हणाली, वेडी झाली पोट्टी.

रंगपंचमीही व्हायची होती, आणि दारात अकोल्याची दमणी थांबली.

मूळ येणार होतं पावसाळ्यानंतर. पण भाव पडला, तेजीत हाताला येतील तेवढे मजूर लावणाऱ्या घरांना आता घरचीच माणसं हवी झाली. शेतात पऱ्हाट्या उपटायच्या होत्या, धसकटं वेचायची होती, भाकरी रांधायला हात हवा होता. माझी सासू आली होती आणि बरोबर चुलतसासरे. ते पंचांग पाहिल्याशिवाय अंगणातही उतरत नसत. त्यांनी दिवस काढून आणला होता, उद्या सकाळचा.

मायनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, सारं घाईघाईनं. मी विचारलं, पिल्लू? ती म्हणाली, मागाहून धाडीन. मागाहून काय काय येतं आणि काय येत नाही हे मला तोवर समजायला लागलं होतं. मी मडक्याखाली जाऊन बसले. रडले नाही, नुसती बसले. चुलतसासरे ओसरीवरून म्हणाले, घ्या ना मडकंच बांधून, त्यात काय. बाबांनी त्यांना समजावलं की चार-पाच मुक्कामांचा धक्का, धूळ, ऊन, आणि मायबाप भरवणार कसे.

मग बाबा आत आले. मडक्याला लावलेला खुंटीवरचा पिंजरा त्यांनी सोडवला. भातकुलीवाली मडक्यात होती, राघू एकटाच दांडीवर. बाबांनी पिंजरा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जाय माय. राघूच घेऊन जाय."

आणि मला तो नेता येईना. तो गेला तर आतल्या तिघांना कोण भरवेल? मी मान हलवली. बाबा तिथंच खाली बसले, आम्ही दोघं पिंजऱ्याच्या दोन बाजूंना.

सासू हे सारं दारातून पाहत होती. तिनं पाट ओढला, त्यावर उभी राहिली, म्हणाली, "पाहू द्या बरं मले, काय दिलं ईनबाईनं." आणि कोणी काही म्हणायच्या आत मडक्यात हात घातला.

भातकुलीवाली जी डसली. सासू ओरडली नाही. तिनं हळूच हात काढला, त्यात ते रताळं होतं. ते तिनं खूप वेळ पाहिलं, तळव्यात झाकलं, परत आत ठेवलं. बोटातून रक्त येत होतं. पदरानं बांधता आलं असतं. तिनं बांधलं नाही. ती सरळ बाहेर गेली, उंबऱ्यावर उभी राहिली, आणि उंबऱ्याच्या हळदीकुंकवाशेजारी टपकन थेंब पडला.

ती म्हणाली, "भाऊजी, उद्याचं राहू द्या."

चुलतसासरे म्हणाले, "दिवस पाहून आलो ना वहिनी. चांगला दिवस हाय."

"असन. पन लक्ष्मी न्यायले आलो अन् उंबऱ्यावर रक्त सांडलं. आता तुमीच सांगा, नेतात काय असं कोनी?"

चुलतसासऱ्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला. ते पंचांग घेऊन बसले. आता त्यांना एकही दिवस पसंत पडेना. सासू शेजारी बसून प्रत्येक दिवसात काही ना काही खोट काढत होती. असं करत करत मुहूर्त वैशाखावर गेला.

निघताना तिनं मला गोठ्यामागं बोलावलं. बोटाला हळद लावलेली होती. हळूच म्हणाली, "पख फुटल्याबिगर मायपासून काहाडलं तं वाटतच मरते. फुटले का निरोप धाडजो. अन् तवरोक भाकर गोल करायले शीक, वाकडी नोको आनू माह्या घरी."

ती हसली नव्हती. पण मी तिला तेव्हापासून भ्यायचं सोडलं.

ते दोन महिने मी कधी विसरले नाही. पिल्लांचे डोळे उघडले, अंगावर काड्यांसारखी पिसं आली, काड्या फुटून हिरवं झालं. डोळे उघडल्यावर मी एकाला थोडं थोडं बाहेर काढून भिजवलेली डाळ वाटून बोटावर भरवायला लागले, म्हणजे त्याला माझी सवय लागेल. एकीकडे चाफेकळीसारखं पिल्लू आणि दुसरीकडे माझी भाकर, दोन्ही मायला रोज दाखवायची. कशाकशाला ती नावं ठेवायची आणि कशाकशाला नाही, ह्याला काही धरबंद नव्हता.

वैशाखात दमणी आली. आता कापूस स्वस्त झाला होता. बाबांनी टोपलीत तळाशी चांगला जाड थर घातला, वर घट्ट विणीचं फडकं, म्हणजे पायात धागा जाऊ नये, आणि त्यावर पिल्लू. मायनं टोपली माझ्या हातात दिली. सासूकडे पाहून म्हणाली, "घ्या ईनबाई. तुमच्यासमोर बोलली होती मी."

बाबा राघूला खांद्यावर घेऊन, आणि मागोमाग माय, बडनेऱ्याच्या वाटेपर्यंत दमणीबरोबर चालले. तिथं माय मला काही सांगायला दमणीच्या कठड्याला धरून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बाबांच्या खांद्यावरून राघू ओरडला, हय हय, चाल मोठ्या. अकोल्याचे बैल ते. पण भाषा तीच ना. त्यांनी उचलले पाय आणि निघाले. माय मागं धावत हसत होती आणि रडत होती. काय सांगायचं होतं ते तिला मी पुढं विचारलं, तर तिला आठवेना.

अकोल्यात सारे विचारत, राघू आहे का मैना? मी म्हणे, दोन-तीन पावसाळ्यांनी सांगते. कंठ फुटलाच नाही. मग तिला जोडीदार पाहणं आलं, मडकं आलं, आणि तिथून ही ओळ. ती बैल कधी हाकत नसे. पण सासूच्या आवाजात "भाकर करपली" एवढं छान म्हणायची, आणि बहुतेक वेळा खरं असायचं.

उंबऱ्यावरच्या रक्ताची गोष्ट सासूनं शेवटपर्यंत तशीच ठेवली. कोणी विचारलं की सून उशिरा का आणली, तर बोट दाखवायची. टोकाला बारीक खूण होती, त्या बोटानं तिला सुई नीट धरता येत नसे.

मग माझ्या मुलीचं मूळ आलं. दारात दमणी उभी, पाहुणे ओसरीवर, मी तिची वेणी घालून घालून सोडत होते. सासू तेव्हा फार थकलेली, खाटेवरच असायची, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं मला हाक मारली.

बोटावरची ती खूण अंगठ्यानं चाचपत म्हणाली, "पाह्य बरं, एखाद्या मडक्यात काही हाय काय?"